गुडघ्यावरचा बर्फ

२०११ च्या फॉल सेमिस्टरमधे मी अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्सची टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, होते. शुक्रवारी सकाळी साडेआठचा सेक्शन माझ्याकडे, पंचवीस-तीस पोरं, निम्मी अजून झोपेत. त्या वर्गात शेवटच्या रांगेत एक मुलगा बसायचा, फुटबॉल टीममधला, ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे ज्यांचं नाव टीव्हीवर सहसा कुणी घेत नाही त्यातला. बॉल घेऊन पळणारा वेगळा, हे लोक त्याच्यापुढे भिंत करून उभे राहतात आणि समोरून धावत येणारी माणसं अंगावर घेतात, एका मॅचमधे साठ-सत्तर वेळा. तो एवढा मोठा होता की खुर्चीला जोडलेल्या त्या छोट्या बाकात मावायचाच नाही, आडवा बसून एक पाय पॅसेजमधे लांब सोडायचा. त्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी, आपण फ्रीजमधे ठेवताना उरलेल्या भाजीवर लावतो ना, तसलं पातळ प्लास्टिक गुंडाळून करकचून बांधलेली. वीसेक मिनिटांनी बर्फ वितळायला लागला की पाणी नडगीवरून ओघळत मोज्यात जायचं, तो पुसायचा पण नाही, खाली मान घालून लिहीत असायचा. तास संपल्यावर बाकाखालचं ओलं मी पेपर टॉवेलनी पुसून घ्यायचे, पुढच्या तासाला कोणी घसरायला नको म्हणून.

सेमिस्टरच्या सुरुवातीला त्यानी मला ॲथलेटिक डिपार्टमेंटचं पत्र आणून दिलं होतं, कुठल्या कुठल्या शुक्रवारी टीम प्रवासात आहे आणि तो वर्गात नसेल त्याची यादी. ज्या आठवड्यात मॅच बाहेर असेल त्या आठवड्यात तो गुरुवारी माझ्या ऑफिस अवर्सला येऊन शुक्रवारचं आधीच शिकून जायचा. एकदा स्टँडर्ड डेव्हिएशन समजावता समजावता मी सहज विचारलं की मेजर काय घेतलंयस, तर म्हणाला घ्यायचं होतं मेकॅनिकल इंजिनिअरिंग, पण लॅब दुपारी असतात आणि दुपारी प्रॅक्टिस असते. बस, एवढंच. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, आपण 'आज बस उशिरा आली' म्हणतो तसं म्हणाला.

मला हे का लागलं ते सांगते. माझा आणि त्याचा युनिव्हर्सिटीशी व्यवहार जवळजवळ सारखाच होता. माझी फी माफ, वर महिन्याला स्टायपेंड, बदल्यात आठवड्याला २० तास शिकवायचं, पेपर तपासायचे. त्याची पण फी माफ, राहणं-खाणं फुकट, आणि एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या नियमानी सीझनमधे आठवड्याला २० तासच खेळाचं काम. कागदावर दोघांचे वीस-वीस. माझे खरंच वीस-बावीस व्हायचे. त्याचे किती व्हायचे हे त्याच्या तोंडावर दिसायचं. पुढे २०१४ मधे नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलपटूंनी युनियन करायला अर्ज केला तेव्हा लेबर बोर्डाच्या शिकागोच्या अधिकाऱ्यानी सगळं तपासून लिहिलं की सीझनमधे ही पोरं आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला देतात, तेव्हा ही कामगारच आहेत. तिथल्या केन कोल्टर नावाच्या क्वार्टरबॅकनी, म्हणजे टीमचा खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूनी, साक्षीत सांगितलं होतं की त्याला डॉक्टर व्हायचं होतं, पण दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीचा कोर्स प्रॅक्टिसच्या वेळेत येत होता म्हणून घेता आला नाही. हे वाचलं तेव्हा मला माझा तो लाइनमनच आठवला. पुढच्या वर्षी बोर्डानी वरून ते प्रकरण हातातच घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि युनियन तिथेच संपली.

तर मी म्हणत होते, व्यवहार सारखा. फरक मला त्याच सेमिस्टरमधे कळला आणि तोही मी स्वतः पडल्यावर कळला. नोव्हेंबरात मिडटर्मच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन डिपार्टमेंटच्या जिन्यावरून उतरताना मी घसरले आणि डावं मनगट मोडलं. ऑफिसमधल्या बाईंनी मला बर्फ दिला आणि लगेच एक फॉर्म पुढे केला, वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा. म्हणाल्या, तू कामावर होतीस, हे तुझ्या इन्शुरन्सवर टाकू नको. एक्स-रे, प्लास्टर, नंतरची फिजिओथेरपी, सगळं त्यातून झालं, मला एक डॉलर पडला नाही. मी एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसावरची, बाहेरून आलेली मुलगी, देशात येऊन दोन वर्षं झालेली, पण मी 'कामगार' होते त्यामुळे माझ्या मनगटाला एक हक्क होता. त्याच महिन्यात त्या मुलाचा गुडघा एका मॅचमधे गेला. पुढचा शुक्रवार तो आला नाही, नंतर कुबड्या घेऊन आला, आणि मला एकदा हळूच विचारलं की ह्या कोर्सला निदान बी ग्रेड मिळेल ना, कारण पुढच्या वर्षी स्कॉलरशिप राहील की नाही माहीत नाही. तेव्हा स्कॉलरशिप एकेक वर्षाची असायची, १९७३ पासून तसा नियमच होता, कोचच्या मनात आलं तर पुढच्या वर्षी नाही. जास्त वर्षांची द्यायची मुभा २०१२ मधे आली. तुटलेलं दोघांचंही कामावरच तुटलं होतं. पण त्याच्यासाठी तसला फॉर्मच नव्हता.

का नव्हता त्याची गोष्ट मी नंतर खूप शोधून वाचली आणि ती वाचल्यापासून मला 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द सहन होत नाही. १९५५ मधे कोलोरॅडोत फोर्ट लुईस ए अँड एम ह्या कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन नावाचा मुलगा डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोनी नुकसानभरपाई मागितली, कामावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना मिळते ती. कॉलेज म्हणालं तो कामगार नव्हता, आणि १९५७ मधे राज्याच्या सुप्रीम कोर्टानी पण तेच म्हणलं. बाईला काही मिळालं नाही. एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स, १९५१ पासून तीसहून जास्त वर्षं त्या खुर्चीत होते, त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की खेळाडूंना कामगार ठरवलं जाईल ह्या भीतीपोटी त्या काळात हा शब्द बनवला आणि सगळ्या नियमांत घुसवला. म्हातारपणी त्याच बायर्सनी ह्या पद्धतीवर कडाडून टीका केली. पण शब्द तोवर इतका रुळला होता की टीव्हीवरचे लोक, प्राध्यापक, आम्ही टीए लोक, सगळे तोच वापरत होतो. पुढे १९७४ मधे टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा केंट वॉल्ड्रेप अलाबामाविरुद्ध खेळताना मानेतून जायबंदी झाला, लुळा पडला, आणि २००० साली टेक्ससच्या कोर्टानी त्याला पण सांगितलं, तू कामगार नव्हतास.

त्याच फॉलमधे आई आणि आप्पा सांगलीहून पहिल्यांदा आले होते. आप्पा आयुष्यभर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, आणि कुस्तीचा नाद असा की गणपती-दिवाळी चुकेल पण जत्रेचं मैदान चुकायचं नाही. मी त्यांना एका शनिवारी मॅचला घेऊन गेले. सकाळपासून पार्किंगमधे धुराडी पेटलेली, शेगड्यांवर मांस भाजणं चाललेलं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका रंगात, बँड, विमानातून सोडलेलं बॅनर. आप्पांना नियम काही कळले नाहीत पण लाइनमन लगेच कळले, म्हणाले हे खरे पैलवान, बाकीचे पळणारे. दुकानात जर्सी बघितली. तेव्हा जर्सीवर नुसता नंबर असायचा, नाव छापायला बंदी, पण कुठला नंबर कुणाचा हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आप्पांनी माझ्या त्या विद्यार्थ्याचा नंबर हवा म्हणून हट्ट धरला, तो नंबर काही नव्हता, क्वार्टरबॅकचाच ढीग होता. मग मला विचारलं,

"आणि पोराला ह्यातलं काय मिळतं?"

म्हणलं, काही नाही आप्पा, शिक्षण फुकट आहे.

"आगं शिक्षण मिळतंय ते बरंच हाय की. पण हे एवढं सगळं उभं केलंय कुणाच्या जिवावर? त्याच्याच ना?"

मी काही बोलले नाही. हाफटाइमला ते परत त्याच विषयावर आले. म्हणाले, आमच्याकडं रेवडीच्या कुस्तीपासनं इनाम असतंय, लहान पोरगं जिंकलं तर फेटा बांधून आखाड्यात फिरवतात, लोक नोटा देतात त्याच्या हातात, म्हणून काय त्याची कुस्ती खोटी होती? शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, तालमी बांधून दिल्या, म्हणून पैलवान बाटले का? आणि मग खाशाबा जाधवांची गोष्ट, जी मी लहानपणापासून शंभरदा ऐकलीय, पण त्या स्टेडियमच्या गर्दीत ऐकताना अंगावर काटा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावोगाव वर्गणी गोळा झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एका कॉलेजच्या प्राचार्यांनी खेळाडूसाठी घर गहाण टाकलं. आणि इथे खेळाडूच्या जिवावर कॉलेजं मजल्यावर मजले चढवत होती.

कारण पैसा काही कमी नव्हता. मिशिगनच्या स्टेडियममधे १,०७,६०१ माणसं बसतात. बास्केटबॉलच्या मार्चमधल्या स्पर्धेचे टीव्हीचे हक्क २०१० मधे १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला गेले, आणि पुढे २०३२ पर्यंत अजून ८.८ अब्जांना वाढवले. बऱ्याच राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सगळ्यात वरचा माणूस राज्यपाल नसतो, फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. २०२३ मधे टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीनी फुटबॉल कोच जिंबो फिशरला काढलं तेव्हा त्याला नुसतं जा म्हणायला सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर कबूल करावे लागले. आपल्याकडे हौशी नाटक म्हणतात ना, त्यात सगळेच हौशी असतात, लेखक, दिग्दर्शक, लाइट बघणारा, पडदा ओढणारा, सगळे पदरमोड करून उभे राहतात, म्हणून ते हौशी. इथे कोच, कमिशनर, टीव्हीवाले, जर्सीवाले सगळे व्यावसायिक, आणि हौस फक्त एकोणीस वर्षांच्या पोराकडून मागायची.

आणि त्याच पोरानी काही केलं तर? जॉर्जिया युनिव्हर्सिटीचा फुटबॉलपटू ए. जे. ग्रीन, त्यानी २०१० मधे स्वतःची अंगातली जर्सी १००० डॉलरला विकली, चार मॅच बाहेर बसवला. दुकानात त्याच नंबरच्या जर्सी तेव्हा टांगलेल्याच होत्या. २०१४ मधे कनेटिकट युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर, टीमला चॅम्पियन करणारा, पत्रकारांसमोर बोलून गेला की काही रात्री मी उपाशी झोपतो. तेव्हा कुठे खेळाडूंना हवं तेवढं खाऊ घालायची परवानगी नियमात आली. तोपर्यंत किती जेवणं द्यायची ह्यावर बंधन होतं! शंभर किलोच्या पोराच्या पोटावर बंधन. पैलवानाच्या घरातल्या कुठल्याही बाईला हे सांगा, ती कपाळाला हात लावेल.

शिक्षण मिळतं हा मुद्दा मी उडवून लावत नाही, मी स्वतः त्याच शिक्षणासाठी कर्ज काढून आले आणि त्याची किंमत मला माहितीय. पण ते शिक्षण नीट मिळायला हवं. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत अठरा वर्षं असे कोर्स चालले ज्यात तास नव्हतेच, शेवटी एक पेपर द्यायचा की झालं, तीन हजारांवर विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यात जवळपास निम्मे खेळाडू. आणि ज्याला खरंच शिकायचं होतं त्याची लॅब प्रॅक्टिसच्या वेळेत.

मग बदललं. यूसीएलए युनिव्हर्सिटीकडून बास्केटबॉल खेळलेल्या एड ओबॅननला मित्राच्या घरी व्हिडिओ गेममधे स्वतःच दिसला, तोच नंबर, तोच डावखुरा शॉट, त्यानी २००९ मधे एनसीएएवर केस केली. २०२१ च्या जूनमधे ऑल्स्टनच्या केसमधे सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एनसीएएच्या विरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे घ्यायची मोकळीक मिळाली, ज्याला सगळे एनआयएल म्हणतात. जून २०२५ मधे खेळाडूंनीच एनसीएएवर केलेल्या हाउस नावाच्या केसमधली तडजोड मंजूर झाली. २.८ अब्ज डॉलर जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत द्यायचे, आणि कॉलेजांना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतील, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. मी ती बातमी ऑफिसमधे उभ्याउभ्या वाचली आणि खरंच आनंद झाला. नंतर बारकाईनी वाचलं, जुने म्हणजे २०१६ पासूनचे. माझा लाइनमन त्यात नाही, त्याचा काळ आधीचा.

आमच्या मंडळात ह्यावर खूप वाद होतात आणि विरोधात बोलणाऱ्यांचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. एका मैत्रिणीची मुलगी कॉलेजात पोहते, पहाटे पाचला पाण्यात, तिच्या खेळातून कॉलेजला कमाई शून्य. नव्या पैशातला मोठा वाटा फुटबॉलला जाणार, त्याखालोखाल पुरुषांच्या बास्केटबॉलला, हे उघड आहे, आणि शिवाय टीममधे किती जण ठेवायचे त्यावर मर्यादा आल्यात, तर पोहणं, कुस्ती, टेनिस ह्यांचं काय होणार ही तिची काळजी मला कळते. अमेरिकेचे ऑलिंपिकवाले ह्याच तलावांतून येतात. १९७२ च्या टायटल नाइनमुळे बायकांना कॉलेजात खेळाची दारं उघडली, तो कायदा ह्या पैशाच्या वाटणीला कसा लावायचा ह्याचं भांडण कोर्टात गेलं. बायकांचे खेळ कोण बघतं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की २०२४ ची बास्केटबॉलची फायनल, केटलिन क्लार्कची आयोवा आणि साउथ कॅरोलायना, ती पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली. आणि बाहेरून आलेली पोरं तर अजून अडकलेली. पर्ड्यूचा झॅक ईडी, कॅनडाचा, दोन वर्षं लागोपाठ देशातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू, पण व्हिसामुळे त्याला बाकीच्यांसारख्या जाहिराती करता येईनात. आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच, बाहेर एक डॉलर कमवायचा नाही, ह्या भीतीत मी सहा वर्षं काढलीत, त्यामुळे तो नियम काय असतो हे मला कोणी सांगायला नको.

पण सगळ्या वादात बोलणं फिरून फिरून कोट्यधीश झालेल्या चार-पाच पोरांवरच येतं. कुणी गाडी घेतली, कुणी टीम सोडून जास्त पैसेवाल्याकडे गेलं. जाऊ देत की, कोच नाही का जात? मला त्या पोरांचं काही नाही, त्यांचं होईल बरं. मला दिसतो तो भिंतीतला मुलगा, ज्याला शेवटी थोडेफार मिळतील किंवा अजिबात मिळणार नाहीत, आणि ज्याचा गुडघा चाळिशीत जिना चढताना बोलणार आहे. त्याला आधी कामगार म्हणा, पैशाचा आकडा त्यानंतर ठरवता येईल. नेमकं तेच अजून कोणी करत नाहीये. २०२४ मधे डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल टीमनी युनियनसाठी १३ विरुद्ध २ असं मतदान केलं, वर्ष संपता संपता त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. हाउसच्या तडजोडीत पैसे आहेत, पण खेळाडू कामगार आहेत असं कुठेही नाही. एक चांगलं झालं, ऑगस्ट २०२४ पासून खेळताना झालेल्या दुखापतीवर कॉलेज सुटल्यानंतरही दोन वर्षं इन्शुरन्स मिळतो. दोन वर्षं. गुडघे जास्त वर्षं वापरावे लागतात.

मी आता शिकवते, कायम नोकरी आहे, सेक्शन नाही तर पूर्ण लेक्चर. मागच्या जानेवारीत ऑफिस अवर्सला एक मुलगा आला, हा पण लाइनमन, खांद्याला तसलाच बर्फ, तसलंच प्लास्टिक. होमवर्कचं विचारून झाल्यावर बॅगेतून घडी घातलेला एक कागद काढला, म्हणाला प्रोफेसर, हे तुमच्या विषयातलं नाही पण घरी कोणालाच कळत नाहीये. १०९९ होता, नोकरीबाहेरच्या कमाईचा टॅक्सचा फॉर्म. गावातल्या एका दुकानाच्या जाहिरातीचे पैसे, फार नाहीत, माझ्या टीएच्या तीन महिन्यांच्या स्टायपेंडइतके. मी त्याला समजावलं की ह्यावर टॅक्स कापलेला नाही, तो आपणच भरायचा, आणि तू कुणाचा नोकर नसल्यामुळे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्के तुझ्याच खिशातून जाणार, तर तेवढे बाजूला काढून ठेव. त्यानी फोनवर हिशोब केला, जरा गप्प झाला. मग विचारलं, मॅम, आणि हा खांदा, तो कशात लिहायचा?

मी म्हणलं, ह्यात नाही लिहिता येत.

बर्फाचं पाणी कोपरावरून टेबलावर आलं होतं आणि कागदाचा कोपरा भिजायला लागला होता. मी ड्रॉवरमधून पेपर टॉवेल काढले, त्यानी कागद उचलून धरला, मी खालचं पुसून घेतलं.